मदतीला आलेली फौज

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात, राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी उभारलेल्या त्या दगडी डोंगराच्या सावलीत, प्राकाराच्या भिंतीवर मराठी कोरलेलं आहे. एखादी ओळ नव्हे, भोसले घराण्याची सबंध बखर. चारी बाजूंना तमिळ बोलणं चाललेलं, चोळांचे तमिळ शिलालेख हाताच्या अंतरावर, आणि मध्येच बाळबोध अक्षरांच्या ओळींमागून ओळी. सरफोजी राजांनी हा मजकूर १८०३ साली कोरवून घेतला.

महाराष्ट्रातून गेलेला माणूस तिथे थबकतो, ते साहजिकच आहे. पण मला त्याहून अचंबा वाटतो तो सालाचा. १८०३ साली सरफोजींकडे राज्य उरलेलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी, १७९९च्या तहाने, सगळा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजाच्या वाट्याला राहिला किल्ला, वाडा, वर्षाला एक लाख पगोडा (सोन्याची नाणी) आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. हे राज्य कुठल्याही निर्णायक लढाईत हरल्यामुळे गेलं नव्हतं. ते गेलं मदत घेता घेता.

दुसऱ्या देशात यादवी माजली असताना बलाढ्य राष्ट्राने तिथे हात घालावा का, यावर आज सीरिया, लिबिया, सुदान यांची नावं घेऊन वाद होतात. त्या वादातला जवळजवळ प्रत्येक प्रकार कावेरीच्या काठच्या या एका भातपिकाऊ राज्यात घडून गेला आहे, आणि त्याचे हिशेबही कागदावर शिल्लक आहेत.

सुरुवात आपल्यापासूनच करावी लागते. तंजावरला मराठे आले तेच मुळी दुसऱ्याच्या भांडणात. १६७३ साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरच्या विजयराघव नायकाचा पाडाव केला. नायकाच्या घराण्यातला एक कोवळा मुलगा, चेंगमलदास, कुणीतरी लपवून वाचवला. दरबारातला एक जुना कारभारी त्याला घेऊन थेट विजापूरला गेला आणि आदिलशाहीकडे दाद मागितली, असं परंपरा सांगते. विजापूरने आपला सरदार पाठवला. तो सरदार म्हणजे शहाजीराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी. त्यांनी मदुरेकरांचा अंमल उठवला, मुलाला गादीवर बसवलं, आणि थोड्याच काळात, १६७५च्या सुमारास, ती गादी स्वतः घेतली. मुलासाठी मदत मागायला गेलेल्या कारभाऱ्यानेच नंतर व्यंकोजींना पुढे केलं, हेही त्याच परंपरेत आहे. बाहेरून आलेल्या फौजेला परत जाण्याची वाट सहसा तिला बोलावणाऱ्यांपैकीच कुणीतरी बंद करतो. नंतरच्या दीडशे वर्षांत हे पुन्हा पुन्हा दिसतं.

आता १७३६. तुकोजीराजे वारले आणि तीन वर्षांत गादी हातोहात फिरली. दुसरे एकोजी वर्षभरात गेले, मग त्यांची राणी सुजानबाई, मग एक तोतया, मग शहाजी, ज्याला काही कागदांत सयाजी म्हटलं आहे. राजा बसवण्या-उठवण्याची किल्ली किल्लेदार सय्यद याच्या हातात होती. या शहाजीने गादीसाठी पाँडिचेरीच्या फ्रेंचांकडे मदत मागितली आणि मोबदल्यात कारैकाल बंदर देऊ केलं. गादी मिळाल्यावर त्याने शब्द फिरवला. फ्रेंचांनी अर्काटच्या नवाबाचा जावई चंदासाहेब याच्या जोरावर १७३९ साली कारैकाल घेतलंच. शहाजी मात्र त्याच साली पदच्युत झाला आणि प्रतापसिंह राजा झाले. राजा गेला, त्याने कबूल केलेलं बंदर मात्र परत आलं नाही. कारैकाल १९५४पर्यंत फ्रेंचांकडे राहिलं, आणि आजही ते तमिळनाडूत नाही, पुदुच्चेरीत आहे. एका अल्पजीवी राजाच्या घाईने आखलेली रेघ पावणेतीनशे वर्षांनंतरही भारताच्या नकाशावर आहे!

दहा वर्षांनी तोच शहाजी इंग्रजांच्या दारात उभा राहिला. वेळ मोठी विलक्षण होती. १७४८ साली युरोपात इंग्लंड-फ्रान्सचा तह झाला होता. दोघांच्याही फौजा कोरोमंडल किनाऱ्यावर जमलेल्या, आणि आता त्यांना काम नव्हतं. बसून खाणाऱ्या फौजेचा खर्च व्यापारी कंपनीला सोसत नाही. युरोपात शांतता झाली म्हणून तंजावरवर युद्ध आलं, असं म्हणायला हरकत नाही. शहाजीने युद्धाचा खर्च आणि कोळ्ळिडम नदीच्या मुखावरचा देवीकोट्टईचा किल्ला देऊ केला. प्रजा आपल्या बाजूने उठेल, अशी खात्रीही दिली.

१७४९च्या वसंतात कॅप्टन कोप तुकडी घेऊन निघाला. एप्रिलच्या वादळाने किनारा झोडपला, ‘नामूर’ आणि ‘पेंब्रोक’ ही इंग्रजी लढाऊ जहाजं शेकडो माणसांसह बुडाली. कोप तरीही पुढे सरकला. पण शहाजीसाठी एकही माणूस उठला नाही. वाटेत भेटले ते प्रतापसिंहांचे सैनिक. मोहीम हात हलवत परतली.

शहाण्या माणसाने इथेच ओळखलं असतं की ज्याला आपण खरा वारस म्हणतो आहोत, त्याला त्याच्या मुलखात कुणी विचारत नाही. कंपनीने मात्र दुसरी, मोठी मोहीम काढली, या वेळी समुद्रातून आणि थेट देवीकोट्टईवर. सेनापती मेजर स्ट्रिंजर लॉरेन्स. नदी रुंद, पलीकडच्या झाडीत तंजावरचे बंदूकवाले. जहाजावरच्या मूर नावाच्या सुताराने एक मोठा तराफा बांधला, रात्री पोहून पलीकडे गेला, झाडाला दोर बांधला, आणि त्या दोरावर तराफा ओढत फौज पार झाली. तटाला खिंडार पडल्यावर पहिल्या हल्ल्यासाठी तेवीस वर्षांचा एक लेफ्टनंट पुढे आला. त्याच्यामागे ३४ गोरे सैनिक आणि सातशे देशी शिपाई. ओढा ओलांडून गोरे पुढे गेले, शिपाई मागे रेंगाळले, आणि बुरुजाआड दबा धरलेले तंजावरचे स्वार पाठीमागून तुटून पडले. काही क्षणांत २६ जण कापले गेले. लेफ्टनंटवरही तलवार उगारली गेली होती, तो बाजूला झाला आणि वाचला. त्याचं नाव रॉबर्ट क्लाइव्ह. प्लासी अजून आठ वर्षं दूर होती.

किल्ला पडला. आणि मग जे झालं ते वाचून मी प्रत्येक वेळी थक्क होतो. इंग्रजांनी शहाजीला गादीवर बसवायचा विचारच सोडला. त्यांनी प्रतापसिंहांशी, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढायला आले होते त्यांच्याशीच, तह केला. देवीकोट्टई आणि वर्षाला नऊ हजार पगोडा वसुलाचा भोवतालचा मुलूख कंपनीला, शिवाय युद्धाचा खर्च. शहाजीला वर्षाला चार हजार रुपये, आणि तो पुन्हा त्रास देणार नाही याची हमी इंग्रजांनी घ्यायची. ज्याच्या न्यायासाठी मोहीम निघाली तो आता मोहीम काढणाऱ्यांच्याच नजरकैदेत होता. १७५८ साली फ्रेंच सेनापती लाली याने इंग्रजांचा सेंट डेव्हिडचा किल्ला जिंकला, तेव्हा तिथल्या कैद्यांत तंजावरच्या त्या शाखेतला एक जण सापडला. कुणी म्हणतं तो शहाजीच, कुणी म्हणतं त्याचा काका. लालीने त्याला बरोबर घेतलं आणि हाच खरा राजा म्हणत तंजावरला वेढा घातला. दावेदार फुकट जात नाही. एकाच्या कोठडीतून तो दुसऱ्याच्या छावणीत जातो. लालीला मात्र वेढा उठवावा लागला.

या सगळ्याचा खर्च कोण भरतो, हा प्रश्न चर्चेत फार मागे ठेवला जातो. तंजावरात त्याचं उत्तर शेतात उभं होतं. अर्काटचा नवाब महंमद अली इंग्रजांच्या मदतीनेच नवाब झाला होता, आणि त्या मदतीचं कर्ज त्याच्या डोक्यावर वाढत होतं. ते फेडायला पैसा हवा. तंजावर सुपीक. खंडणी थकल्याचं कारण काढून नवाब आणि कंपनीच्या फौजा १७७१ साली तंजावरवर आल्या, १७७३ साली पुन्हा आल्या, आणि तुळजाजी राजे कैद झाले. लंडनच्या संचालकांना हे पटलं नाही. त्यांनी लॉर्ड पिगट यांना मद्रासचे गव्हर्नर म्हणून पाठवलं, आणि एप्रिल १७७६मध्ये पिगट यांनी स्वतः तंजावरला जाऊन तुळजाजींना गादी परत दिली.

तेवढ्यात पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा एक कनिष्ठ नोकर पुढे आला. नवाबाने मला तंजावरचा वसूल गहाण दिला आहे, शेतात उभं असलेलं पीकसुद्धा, असं त्याचं म्हणणं. रक्कम दोन लाख पौंडांहून जास्त. राजाचं राज्य परत द्यायचं तर या सावकारांचं काय? मद्रासच्या कौन्सिलात त्यांचेच हितसंबंधी बसलेले होते. ऑगस्ट १७७६मध्ये कौन्सिलातल्या बहुमताने आपल्याच गव्हर्नरला अटक केली, आणि पिगट पुढच्या वर्षी कैदेतच वारले. कावेरीकाठच्या भाताच्या लोंब्यांवरच्या हक्कापायी ब्रिटिश गव्हर्नर ब्रिटिशांच्याच कैदेत मेला. १७८५ साली एडमंड बर्क यांनी याच कर्जांवर पार्लमेंटात गाजलेलं भाषण केलं. पहिल्या हस्तक्षेपातून कर्ज, कर्जातून सावकार, आणि सावकारांतून पुढचा हस्तक्षेप, ही साखळी तिथे लख्ख दिसते.

शेवटचा फेरा थोडक्यात. १७८७ साली तुळजाजी गेले. दत्तक सरफोजी लहान होते. कंपनीने पंडितांचं मत घेऊन दत्तक अयोग्य ठरवला आणि तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांना बसवलं. १७९८ साली पंडितांची मतं पुन्हा घेतली, दत्तक योग्य ठरवला आणि सरफोजींना बसवलं. पुढच्याच वर्षी तो तह झाला, ज्याचा उल्लेख वर आला. १८५५ साली दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि उरलेलंही खालसा झालं. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला: हे सरकारचं राजकीय कृत्य आहे, त्याचा न्याय करायचा अधिकार कुठल्याही कोर्टाला नाही. अन्याय झाला का, हे तपासायलाच त्यांनी नकार दिला. पुढे खासगी मालमत्ता राणीला मिळाली, पण मेहेरबानी म्हणून, हक्क म्हणून नव्हे.

त्याच १८५९ साली जॉन स्टुअर्ट मिल यांचा परराष्ट्रांत ढवळाढवळ न करण्याविषयीचा निबंध लंडनमध्ये छापून आला, जो आजही या विषयावर वाचला जातो. आणि मिल होते कोण? कंपनीच्या लंडन कचेरीत देशी संस्थानांचा पत्रव्यवहार वीस वर्षं सांभाळणारे अधिकारी. त्यांच्या वडिलांनी, जेम्स मिल यांनी, हिंदुस्थानच्या आपल्या इतिहासात देवीकोट्टईचं प्रकरण नोंदवलेलं आहे. धाकटे मिल म्हणतात की स्वातंत्र्य स्वतःच्या बळावर मिळवलं नाही, तर बाहेरच्याने आणून दिलेलं टिकत नाही. हिंदुस्थानला त्यांनी या नियमातून वगळलं, ते मला मुळीच मान्य नाही. पण अवधच्या राज्याविषयी त्यांनी एक गोष्ट अचूक पकडली: परकी फौज पाठीशी आली की राजाला प्रजेची भीती उरत नाही, आणि मग त्याच्या गैरकारभाराची जबाबदारी त्या फौजेवर येते.

हे जुनं झालं म्हणावं, तर १९८७ आहे. जुन्या तंजावर जिल्ह्याचा वेदारण्यमचा किनारा श्रीलंकेच्या समोरच येतो. जुलै १९८७च्या भारत-श्रीलंका करारानंतर अध्यक्ष जयवर्धने यांच्या संमतीने भारताची शांतिसेना तिथल्या यादवीत उतरली. ज्या तमिळांसाठी गेली, त्यांच्यातल्याच ‘वाघ’ म्हणवणाऱ्या बंडखोरांशी तिला लढावं लागलं. पुढचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी तिला निघून जायला सांगितलं, आणि तिच्याविरुद्ध वाघांना शस्त्रं पुरवली. सुमारे १,२०० भारतीय जवान गेले. मार्च १९९०मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या, तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. भारताला तिथे देवीकोट्टई नको होती, हेतू कंपनीसारखा नव्हता. तरी बोलावणारा एक आणि राज्यावर येणारा दुसरा, हे चक्र चुकलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गादीच्या दावेदाराने बोलावलं म्हणून बलाढ्य राष्ट्राने कधीही जाऊ नये, त्याची बाजू कितीही खरी वाटो. मुलखातली माणसं त्याच्यासाठी उठत नसतील, तर मुळीच नाही. पण सरसकट कत्तल चालू असेल आणि लाखो माणसं सरहद्द ओलांडून येत असतील, तर हात बांधून बसणंही मला मान्य नाही. १९९४ साली रवांडात जग तसं बसलं होतं. अशा वेळी जावं, मात्र बिल न लावता जावं आणि लवकर परतावं. हे अशक्य नाही. १९७१च्या डिसेंबरात ढाक्यात शिरलेली भारतीय फौज १२ मार्च १९७२ला निरोपाचं संचलन करून परतली, आणि बांगलादेशातलं एकही बंदर भारताने ठेवून घेतलं नाही.