बिनव्हिसाचे पाहुणे आणि कोल्हापूर

परदेशी माणसाला आपल्या भूमीवर येऊ द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राज्य स्वतःकडे राखून ठेवते आणि तो बहुधा दोन ठिकाणी वापरते : एकदा प्रवासी घरून निघण्यापूर्वी वकिलातीत आणि पुन्हा एकदा तो येऊन पोचल्यावर विमानतळावर, बंदरात किंवा सीमेवरच्या नाक्यावर. पासपोर्ट हा प्रवाशाच्या स्वतःच्या सरकारने दिलेला ओळखीचा दाखला असतो. व्हिसा ही यजमान देशाने आगाऊ दिलेली संमती असते. व्हिसामुक्त प्रवेश म्हणजे या दोन तपासण्यांपैकी पहिली माफ होणे. दुसरी जशीच्या तशी राहते, आणि नाक्यावरचा अधिकारी समाधान न झाल्यास प्रवाशाला आल्या पावली परत पाठवू शकतो. पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत ‘व्हिसा फ्री’ हे शब्द ज्या ठळक अक्षरांत छापले जातात, त्या अक्षरांत ही दुसरी बाजू कधी छापली जात नाही. आगमनानंतर विमानतळावर शुल्क भरून मिळणारा व्हिसा आणि घरबसल्या संगणकावर मिळणारा ई-व्हिसा हे दोन्ही प्रकार अनेकदा व्हिसामुक्तीतच मोजले जातात, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते पूर्ण अर्थाने व्हिसाच आहेत. फक्त वकिलातीच्या रांगेचा त्रास वाचतो.

या विषयाचा इतिहास पाहण्यासाठी कोल्हापूर हे काहीसे अनपेक्षित, पण सोयीचे ठिकाण आहे. या शहराला समुद्र नाही, आंतरराष्ट्रीय सीमा नाही, आणि उजळाईवाडीच्या विमानतळावरून परदेशी विमानही सुटत नाही. तरीही सीमा ओलांडण्याच्या नियमांची तीन वेगवेगळी युगे या एकाच गावाच्या कहाणीत सापडतात.

पहिले युग १८७० सालचे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज त्या वर्षी इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि युरोप खंडातून परत येत असताना ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्स येथे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी निवर्तले. पासपोर्टवर परकीय वकिलातीचा शेरा घेण्याची चाल युरोपात जुनी होती, परंतु रेल्वेमुळे प्रवाशांचा लोंढा इतका वाढला की १८६० नंतर पश्चिम युरोपातील बहुतेक देशांत ती सैल पडली होती आणि पैसा बाळगून असलेला प्रवासी देशामागून देश फारशी अडवणूक न होता ओलांडू शकत होता. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते. महाराजांच्या सोबतच्या मंडळींना तिथे खरा परवाना मिळवावा लागला तो अंत्यसंस्कारासाठी, कारण उघड्यावर दहन करणे ही त्या शहराला सर्वस्वी अपरिचित गोष्ट होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने दहन झाले, तिथे पुढे १८७४ मध्ये छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला, आणि जवळच्या आधुनिक पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचे नाव मिळाले. राजा आणि साधी रयत यांच्यातला भेद येथे विसरून चालणार नाही. त्या काळात सीमा खुल्या होत्या त्या ज्याच्याकडे जहाजाचे भाडे होते त्याच्यासाठी.

ही ढिलाई पहिल्या महायुद्धाने संपवली. हेर, पळपुटे सैनिक आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक यांना अडवण्यासाठी तात्पुरती म्हणून आणलेली पासपोर्टची सक्ती युद्ध संपल्यावरही उठली नाही. भारतात तर १९२० साली प्रवेशासाठी पासपोर्ट आवश्यक ठरवणारा स्वतंत्र कायदाच झाला, जो पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकला. तात्पुरत्या नियमांचे आयुष्य सरकारदरबारी नेहमीच मोठे असते.

दुसरे युग कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे आहे, आणि प्रवेशाच्या नियमांविषयी ते सर्वांत जास्त सांगते. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतल्यावर पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सोव्हिएत राजवटीने सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले. १९४१ साली जर्मनीने रशियावर हल्ला केला, तेव्हा पोलंडचे लंडनमधील निर्वासित सरकार आणि मॉस्को यांच्यात करार होऊन या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यांच्यातील पुरुष पोलिश जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर इराणमध्ये उतरले, आणि त्यांच्यामागे बायका, मुले व म्हातारी माणसे आली. इराणमध्ये एवढ्या माणसांची कायमची सोय होणे शक्य नव्हते. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला, तर कोल्हापूर संस्थानात, शहरापासून काही मैलांवर रेल्वेमार्गाला लागून असलेल्या वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. कौलारू बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथके असे एक संपूर्ण छोटे पोलिश गाव पंचगंगेच्या मुलुखात पाच वर्षे नांदले.

या माणसांपैकी कोणीही वकिलातीत अर्ज करून आलेले नव्हते. त्यांचे गाव ज्या देशात होते त्या देशाचा नकाशाच पुसला गेला होता, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ तुरुंगछावणीतून सुटल्याच्या कागदापलीकडे फारसे काही नव्हते. त्यांचा प्रवेश झाला तो सरकारांच्या आपसांतील बोलण्यातून : आश्रय ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारचा, खर्चाची जबाबदारी पोलंडच्या निर्वासित सरकारची, जमीन संस्थानची. व्यक्तीला कागद विचारण्याऐवजी राज्यांनी एका संपूर्ण समूहाची हमी एकमेकांकडून घेतली. आजची व्हिसामुक्तीही मुळात याच तत्त्वावर चालते, कारण तिच्यात एकेका प्रवाशाची पारख न करता ‘अमुक देशाचा पासपोर्ट असलेला माणूस बहुधा वेळेवर परत जाईल’ असा घाऊक अंदाज यजमान देश बांधतो. फरक इतकाच की वळिवड्याच्या बहुतेक पाहुण्यांना परत जाण्यासाठी ठिकाणच उरले नाही. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातील कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली, लंडनच्या निर्वासित सरकारची मान्यता गेली, आणि त्या सरकारच्या नावावर जगणाऱ्या हजारो लोकांचे कागद एका दिवसात हलके झाले. काही जण पोलंडला परतले, सैनिकांच्या कुटुंबांना १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने ब्रिटनचा मार्ग मोकळा झाला, काही आफ्रिकेतील छावण्यांकडे गेले. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली, आणि त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली. आज कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या गांधीनगरची सुरुवात अशी झाली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश वसाहतीचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे, आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.

एवढे सख्य असूनही त्या वसाहतीत वाढलेल्यांचे नातू-पणतू आज पोलिश पासपोर्टवर वळिवडे पाहायला निघाले, तर त्यांना भारताचा व्हिसा घ्यावाच लागतो, आणि कोल्हापूरच्या माणसाला वॉर्सा पाहायचे असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. पोलंड डिसेंबर २००७ मध्ये शेंगेन क्षेत्रात सामील झाल्यापासून त्याचा पर्यटक व्हिसा हा त्या संपूर्ण क्षेत्राचा सामाईक व्हिसा आहे, आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रवेशाचा दिवस आणि निघण्याचा दिवस हे दोन्ही त्यात मोजले जातात, ही बाब अनेकांचे गणित चुकवते. इतिहासातील उपकारांची नोंद व्हिसाच्या नियमांत होत नाही. तिथे मोजले जाते ते मुदतीबाहेर राहणाऱ्यांचे प्रमाण, पर्यटकांकडून येणारा पैसा, सुरक्षेची काळजी आणि परस्परता, म्हणजे समोरचा देश आपल्या नागरिकांना कसे वागवतो ते.

तिसरे युग चालू काळाचे. भारताने व्हिसामुक्तीच्या बाबतीत हात फार आखडता ठेवला आहे. नेपाळ आणि भूतान यांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. नेपाळच्या बाबतीत १९५० च्या मैत्री कराराने एकमेकांच्या देशात राहण्याची, व्यापार करण्याची आणि हिंडण्याची मुभा दिली असून, कोल्हापुरात हॉटेलांच्या भटारखान्यांत आणि रात्रीच्या पहाऱ्यावर दिसणारी नेपाळी माणसे याच कराराच्या आधारे येथे असतात. मात्र हाच नेपाळी नागरिक चीन किंवा पाकिस्तानातून भारतात येऊ लागला, तर त्याला व्हिसा दाखवावा लागतो. सवलत माणसाइतकीच वाटेलाही जोडलेली असते. मालदीवच्या नागरिकांना पर्यटनासाठी ९० दिवसांची माफी आहे. जपान, दक्षिण कोरिया आणि काही अटींवर संयुक्त अरब अमिरात यांच्या नागरिकांना निवडक विमानतळांवर आगमनानंतर व्हिसा मिळतो. बाकीच्या बहुतेकांसाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांपासून सुरू झालेली आणि आता दीडशेहून अधिक देशांपर्यंत पसरलेली ई-व्हिसाची सोय आहे, आणि पोलंड त्या यादीत आहे.

परदेशचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांसाठी ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड आहे. ते नावाने नागरिकत्व असले, तरी व्यवहारात तो आयुष्यभराचा बहुप्रवेशी व्हिसा आहे. त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते, हे करवीर किंवा शिरोळ तालुक्यात उसाची वडिलोपार्जित शेती असलेल्या अमेरिकेतील मुलांना सहसा जमिनीचे कागद हाती घेतल्यावरच कळते.

परदेशी प्रवाशाची आगमन-तपासणी मुंबई, पुणे किंवा गोव्यात उरकते, परंतु नियमांचे खरे शेवटचे टोक कोल्हापुरात, अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या एखाद्या लॉजच्या काउंटरवर असतो. परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे मालकावर बंधनकारक आहे. ज्याला लॉजवाले वर्षानुवर्षे ‘सी फॉर्म’ म्हणत आले, त्यात पासपोर्टचा आणि व्हिसाचा क्रमांक, छायाचित्र, पाहुणा कुठून आला आणि पुढे कुठे जाणार असा तपशील भरावा लागतो, आणि तो जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पोचतो, कारण जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे अधिकारी तेच असतात. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने १९२० चा तो जुना कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा, १९४६ चा विदेशी नागरिक कायदा आणि २००० चा विमान व जहाज कंपन्यांच्या दायित्वाचा कायदा हे चारही एकत्र केले, आणि कळवण्याची जबाबदारी हॉटेलांप्रमाणेच विद्यापीठांवर आणि रुग्णालयांवरही स्पष्टपणे टाकली. वैध कागदांशिवाय प्रवेश केल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे.

उलट दिशेने पाहिले, तर मराठी पर्यटकाच्या वाट्याला गेल्या काही वर्षांत बऱ्याच माफ्या आल्या. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना ३० दिवसांची आणि १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांची सवलत दिली, मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची. दोन्ही देशांत पोचण्यापूर्वी ऑनलाइन आगमन-पत्र भरावे लागते, म्हणजे व्हिसा गेला तरी अर्ज राहिलाच. या सवलती बहुतांशी एकतर्फी असतात. थाई नागरिक भारतात व्हिसा घेऊनच येतात. एकतर्फी सवलत ज्याने दिली तो ती परतही घेतो. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून विमानाने येणाऱ्या भारतीयांना १५ दिवस व्हिसामुक्त प्रवेश दिला होता, परंतु नोकरीच्या आमिषाने बोलावून तिथे लोकांना ओलीस धरण्याचे आणि खंडणी मागण्याचे प्रकार घडल्यावर तो २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित झाला. ब्रिटनचा अनुभव तर जुनाच आहे : १९८६ पर्यंत भारतीयांना तिथे भेटीसाठी आगाऊ व्हिसा लागत नव्हता आणि लेकाकडे निघालेल्या आईवडिलांचा फैसला थेट हीथ्रोवर होत असे; त्या वर्षी तो मुंबई-दिल्लीतील ब्रिटिश कचेऱ्यांत होऊ लागला.

व्हिसामुक्त प्रवासात प्रत्यक्ष अडवणूक बहुतेक वेळा परदेशात होत नाही, मुंबईच्या विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवरच होते. अपात्र प्रवासी नेऊन पोचवल्यास दंड कंपनीला बसतो आणि त्याला परतही तिलाच आणावे लागते, त्यामुळे बोर्डिंग पास देण्यापूर्वी तिचे कर्मचारी टिमॅटिक नावाच्या माहितीकोशात त्या देशाचे नियम पडताळतात : पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आहे काय, परतीचे तिकीट आहे काय, राहण्याचा पत्ता आणि खर्चाला पैसे आहेत काय. कोल्हापूरहून रात्रभर बसने आलेल्या कुटुंबातील एकाच्या पासपोर्टची मुदत पाच महिन्यांत संपत असेल, तर बाकीच्यांचे विमान त्याच्याविना सुटते. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बाबतीत तर साधे ओळखपत्रच आडवे येते. नेपाळला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही सक्तीचा नाही, परंतु विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र यांपैकी एक लागते. आधार कार्ड पंधरा वर्षांखालील मुलांचे आणि पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांचे चालते, मधल्या वयाच्या माणसाचे चालत नाही.