दुर्गदबैल : किल्ल्याच्या मैदानातील पेठ आणि तिची पुनर्रचना

हुबळीच्या दुर्गदबैलाचे नाव ठाऊक नाही असे घर मळमड्डीत सापडणे कठीण. लग्नाचा बस्ता असो, संसाराची भांडीकुंडी असोत की लेकीसुनांच्या बांगड्या असोत, धारवाडात यांपैकी बरेच काही मिळत असूनही आमच्या घरची वडील मंडळी "एकदा दुर्गदबैलाला जाऊन येऊ" असे म्हटल्यावाचून राहत नाहीत. अंतर अवघे 20 किलोमीटरांचे. पूर्वी हा प्रवास आगगाडीने किंवा मोटारीने होई. 2018 सालापासून 'चिगरी' बसगाड्यांनी तो अधिक सुकर केला आहे. अशा या पेठेचा पूर्ववृत्तान्त आणि तिच्या परिसरात चाललेली नवी बांधणी, या दोहोंविषयी चार शब्द आमच्या व्यापारी बंधूंपुढे ठेवावेत, असे आम्हांस वाटले.

'बैल' या शब्दाने मराठी माणसाची थोडी फसगत होते. त्याचा जनावराशी काही संबंध नाही. कानडीत 'बयलु' म्हणजे मोकळे मैदान. दुर्गाचे मैदान ते दुर्गदबैल. किल्ला काळाच्या पोटात गडप झाला आणि मैदान तेवढे उरले. तेही आता दुकानांनी, गाड्यांनी आणि गिऱ्हाइकांनी असे भरलेले असते की, मैदान म्हणावे ते कशाला, असा प्रश्न नवख्यास पडावा.

येथील व्यापार किल्ल्याहूनही जुना आहे. सतराव्या शतकात कारवारच्या इंग्रज वखारीला निर्यातीचे कापड हुबळीच्या बाजारातून जाई, आणि म्हणून इंग्रजांनी येथेही आपली वखार घातली होती. 1673 साली अण्णाजी दत्तो यांच्या हाताखालील मराठी फौजेने ही पेठ लुटली. तीत कंपनीचाही माल गेला व त्याच्या भरपाईची मागणी इंग्रज पुढे करीत राहिले. कंपनीचा दावा निदान कागदावर तरी राहिला. ज्या स्थानिक सावकारांची व विणकरांची धूळधाण झाली असेल, त्यांचा हिशेब कोणी मांडून ठेवलेला नाही.

या पार्श्वभूमीवर 1727 सालची घटना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वेळी हा मुलूख सावनूरच्या नबाबाकडे, मजीदखानाकडे होता. बसप्पा शेट्टर नावाच्या व्यापाऱ्याने त्याच्याकडून परवानगी मिळविली आणि किल्ल्याच्या मैदानाभोवती नवी वसाहत उभी केली. नबाबाच्या नावावरून तिला मजीदपूर म्हणत. लोकांच्या तोंडी मात्र ती नवी हुबळीच राहिली. सरदाराने गाव वसवावे आणि व्यापाऱ्याने तेथे दुकान मांडावे, हा नेहमीचा क्रम. येथे तो उलटा झालेला दिसतो. व्यापाऱ्याला प्रथम हवा असतो तो भरवसा : आज मांडलेले दुकान उद्याही त्याच जागी उघडता येईल हा. बसप्पा शेट्टरांनी नबाबाकडून मिळविले ते मुख्यतः हेच असावे, असे आमचे मत आहे.

पुढे सत्ता अनेकदा पालटली. मराठे आले, हैदर आला, पुन्हा मराठे आले. जुनी हुबळी 1817 साली इंग्रजांकडे गेली. नवी हुबळी मात्र सांगलीकर पटवर्धनांच्या जहागिरीत होती, ती 47 गावांसह 1820 साली त्यांनी इंग्रजांस दिली. पेठ आपल्या जागी राहिली. भोवती गल्ल्या वाढत गेल्या आणि धंद्यावरून त्यांस नावे पडली : कापडाची जवळी साळ, भांडी घडविणाऱ्यांची कंचगार गल्ली. शेजारची दाजीबान पेठ व मराठा गल्ली या नावांतून मराठी वस्तीची खूण आजही पटते.

एकोणिसाव्या शतकात कापसाने या प्रांताला नवे वैभव आणले. येथील कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात व तेथून गलबतांनी मुंबईस जाई. म्हणून मुंबईच्या बाजारात 'कुमठा' आणि 'धारवाड' ही कापसाच्या जातींची नावेच होऊन बसली. 1880 नंतरच्या दशकात रेल्वे आली व कुमठ्याचा मार्ग ओस पडला. बाजार असे हलतात. कालांतराने धान्याचा व शेतमालाचा घाऊक व्यवहार हुबळी-धारवाड रस्त्यावरील अमरगोळच्या बाजार आवारात गेला. घाऊक गेले, किरकोळ राहिले. आणि दुर्गदबैलाची सारी भिस्त पायी येणाऱ्या गिऱ्हाइकावर येऊन ठेपली.

आता चालू काळाकडे वळू. 1 मार्च 1962 रोजी हुबळी-धारवाड महानगरपालिका स्थापन झाली. सप्टेंबर 2016 मध्ये या जोडशहराची केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली, आणि त्या योजनेतून हुबळीच्या जनता बझारची जुनी बांधणी काढून नवी उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. नव्या इमारतीविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. गळकी छपरे, तुंबलेली गटारे, विजेच्या लोंबत्या तारा यांचा अभिमान कोणी बाळगावा? परंतु इमारत पाडल्यापासून ती पुन्हा उभी राहीपर्यंतचा काळ हाच खरा कसोटीचा असतो. कंत्राटदाराच्या दृष्टीने ती मुदत असते. गाळेधारकाच्या दृष्टीने तो दोन-तीन दिवाळ्यांचा गल्ला असतो, उधारीची वसुली असते, आणि दुसरीकडे वळलेले गिऱ्हाईक असते. मोठे दुकान हे सोसू शकते. टोपलीभर भाजी घेऊन बसणारी बाई कशावर सोसणार?

पुण्याच्या मंडईची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. पूर्वी तेथील भाजीबाजार शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरे. नगरपालिकेने मोठा खर्च करून अष्टकोनी मनोऱ्याची मंडई बांधली. 1886 साली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली. नगरपालिकेचे सभासद असता महात्मा फुले यांनी या खर्चास विरोध केला होता; हा पैसा शिक्षणाकडे लावावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1938 साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईस फुल्यांचे नाव दिले गेले! इमारत डौलदार आहे, यात शंका नाही. पण कोणाच्या पैशाने व कोणासाठी, हा फुल्यांचा प्रश्न प्रत्येक नव्या बाजाराच्या पायाभरणीस विचारण्याजोगा आहे.

आमच्यांतील काही दुकानदारांस फेरीवाल्यांचा उपद्रव वाटतो, हे आम्ही जाणतो. दुकानाच्या दारात गाडी लागली की वाद होणारच. तथापि दुर्गदबैलावर संध्याकाळी गिरमिट-मिरचीभजी खावयास आलेले कुटुंबच जाता जाता आमच्या दुकानाची पायरी चढते, हेही खरे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यास हटविण्यास मनाई केली आहे आणि स्थलांतरापूर्वी 30 दिवसांची सूचना आवश्यक ठरविली आहे. नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांचे प्रतिनिधी, व त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही त्यात आहे. या समित्यांत व्यापारी संघांसही स्थान असते. तेथे आमच्या प्रतिनिधींनी विक्रेत्यांच्या बाजूने बोलल्यास त्यात दुकानदारांचे अहित नाही.

पुनर्रचनेची पाळी कोणत्याही पेठेवर येऊ शकते, धारवाडही त्यास अपवाद नाही. यास्तव सभासदांस एक विनंती. भाडेपट्टा, अनामत रकमेची पावती, दरमहाच्या भाड्याच्या पावत्या, व्यवसाय परवाना, वीजबिले आणि वारसाची नोंद एकत्र करून त्यांच्या प्रती दुकानात न ठेवता घरी ठेवाव्यात. गाळा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर तो आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज पाडकामाची नोटीस येण्याची वाट न पाहता करावा, आणि त्या अर्जावर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेण्यास विसरू नये.