संकेतस्थळावरचे स्थळ : होकाराआधी पारखा

मध्यंतरी नळदुर्गजवळच्या खेड्यातील एक गृहस्थ रक्तदाब तपासायला आले. गोळ्या नियमित चालू, तरीही वरचा आकडा १७० च्या खाली येईना. खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." मुलगा पदवीधर, शेती करतो, वय बत्तीस. लग्न जमेना म्हणून मोबाईलवर एका संकेतस्थळावर नाव नोंदवले. एका मुलीचा होकार आला, रोज फोन सुरू झाले. महिनाभराने "आईला दवाखान्यात ठेवले आहे" असे सांगून पैसे मागण्यात आले. चाळीस हजार रुपये गेल्यावर फोन बंद झाला. मुलगा तेव्हापासून कोणाशी बोलत नाही, नीट जेवत नाही. रक्तदाब वडिलांचा वाढला होता, दुखणे मात्र साऱ्या घराचे होते.

आरोग्याच्या सदरात लग्नाचा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु विवाहाशी मनाचे, शरीराचे आणि पुढच्या पिढीचेही आरोग्य निगडित आहे. पूर्वी सोयरे-धायरे मध्ये असत. मुलाचे व्यसन, घरातले आजार यांची कुणकुण त्यांच्याकडून लागे. पुढे वधू-वर सूचक मंडळे आली. पुण्याची अनुरूप विवाहसंस्था १९७५ पासून हे काम करीत आहे. आता संकेतस्थळांमुळे नळदुर्गच्या मुलाला नाशिकचे स्थळ घरबसल्या दिसते. सोय मोठी झाली, पण मधला माणूस गेला. त्याचे चौकशीचे काम आता आपल्यालाच करायचे आहे.

संकेतस्थळ कसे निवडावे?

केंद्र शासनाने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या. नाव नोंदवणाऱ्याकडून ओळखीचा व पत्त्याचा पुरावा घ्यावा, हे स्थळ केवळ विवाहासाठी आहे असे स्पष्ट लिहावे आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची माहिती द्यावी, असे त्यात सांगितले आहे. या तीन गोष्टी जेथे दिसत नाहीत, तेथे पैसे भरू नयेत. आपला फोन क्रमांक व छायाचित्र कोणाला दिसावे हे ठरवण्याची सोय असावी. सुरुवातीलाच मोठी वर्गणी भरू नये.

माहिती भरताना खरे लिहावे. वय दोन वर्षांनी कमी किंवा पगार दुप्पट लिहून बैठक जमते, संसार जमत नाही. शेती असेल तर शेतीच लिहावी. होकार कमी येतील, पण येतील ते टिकतील. आधार कार्ड, बँकेची कागदपत्रे अथवा रक्ताचे अहवाल संकेतस्थळावर टाकू नयेत.

बोलणे जुळले की लवकरच समक्ष भेटावे, तेही वडीलधाऱ्यांसह किंवा चारचौघांत. त्यांच्या गावी जाऊन चौकशी करावी. भेट टाळणारा आणि पैसे मागणारा माणूस, मग कारण कितीही करुण असो, सोडून द्यावा.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

पत्रिका पाहणारे पुष्कळ, रक्त तपासणारे थोडे. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. रक्तातल्या नात्यात एकच दोष दोघांत दडलेला असण्याची शक्यता वाढते. दूरचे स्थळ मिळाल्याने ती कमी होते, हा संकेतस्थळांचा एक फायदाच समजावा. तरीही दोघांनी थॅलेसेमिया व सिकलसेलसाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करावी. थॅलेसेमियाचा वाहक दिसायला धडधाकट असतो. मात्र दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक असते. याशिवाय एचआयव्ही, कावीळ 'ब' आणि गुप्तरोगांची तपासणी दोघांनीही करावी. फक्त मुलीची तपासणी मागणे अन्यायाचे आहे. मधुमेह, फिट्स, मानसिक आजार, चालू असलेली औषधे यांविषयी होकाराआधीच बोलावे.

एचआयव्ही असेल तर?

तर लग्नच नाही, असे मुळीच नाही. राज्याच्या परिवहन खात्यातील अधिकारी अनिल वळीव यांनी २००६ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी 'पॉझिटिव्ह साथी' हे विवाहाचे मोफत संकेतस्थळ सुरू केले. तेथे आजार लपवावा लागत नाही, म्हणून बोलणे सत्यापासून सुरू होते. प्रत्येक स्थळाने हाच धडा घ्यावा. शासकीय एआरटी केंद्रात उपचार मोफत मिळतात. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. योग्य उपचारांनी बाळही निरोगी जन्मू शकते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार संमतीवाचून एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. म्हणून चोरून रक्त तपासून घेऊ नये. दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावे.

फसवणूक झालीच तर?

तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक. फोनमधील संदेश पुसून टाकू नयेत.

त्या मुलाला मी वडिलांबरोबर बोलावून घेतले. पहिला अर्धा तास तो जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, "लोक हसतील." मी त्याला इतकेच सांगितले की, गुन्हा फसवणाऱ्याचा असतो, विश्वास ठेवणाऱ्याचा नव्हे. घरात कोणी दोन आठवडे उदास असेल, झोप-जेवण सुटले असेल, तर रागावू नका, जवळ बसा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टर गाठा. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे.

मुलाने तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण तो आता घरात दोन घास जेवतो, आणि वडिलांचा वरचा आकडा मागच्या खेपेस १४० होता.