गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस : बँडनंतरच्या पहिल्या कॅसेट

• गाव : शिवोली, ता. बार्देश, गोवा.

• बँड : ‘द सॅव्हेजेस’, मुंबई; सत्तरचे दशक. शिक्षण वास्तुकलेचे, जे. जे. महाविद्यालयात.

• सोलो अल्बम : एकाच कलावंताच्या नावावरचा गीतसंच.

• ‘गोअन क्रेझी’ (१९८४) : असाच सोलो अल्बम. ध्वनिमुद्रण शिवोलीच्या घरीच, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर. गीते, संगीत, गायन, वादन स्वतःचे.

• चार ट्रॅक : आवाज आणि वाद्ये वेगवेगळी मुद्रित करून नंतर एकत्र मिसळण्याची सोय. एकट्यालाही पूर्ण गाणे बांधता येते.

• ‘ओल्ड गोअन गोल्ड’ (१९८५) : जुनी गोमंतकीय गाणी.

• ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) : शीर्षकगीत अमली पदार्थांविरुद्ध.

• चित्रपटगीते वेगळी : ‘जलवा’ (१९८७), ‘बॉम्बे’ (१९९५).

• पद्मश्री : २००७.