पान उलटून पाहा

मार्च महिना बँकेच्या शाखेत कसा सरतो, हे ग्राहकांनाही आता ठाऊक झाले आहे. वार्षिक लेखाबंदीच्या त्या धांदलीत माणसाला स्वतःच्या जेवणाचे भान राहत नाही, तेथे कुंडीतल्या झाडांकडे कोण पाहणार? गेल्या वर्षी इंदूरच्या आमच्या शाखेत नेमके हेच घडले, आणि त्यात दोष माझाच होता.

आमच्या शाखेच्या प्रवेशदालनात दोन शोभेचे अळू, दोन क्रोटन आणि एक ॲरेका पाम अशी पाच झाडे होती. शाखेतील दफ्तरी, ज्यांना लहानथोर सारेच ‘दादा’ म्हणतात, त्यांनी ती नऊ वर्षे सांभाळली होती. जुलैअखेर ते सेवानिवृत्त होणार होते. मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे विहिरीच्या कडेला अळू कोणी न लावताही माजतो. त्यामुळे अळूची निगा ती काय राखायची, असा माझा समज. फेब्रुवारीत एका रोपवाटिकेतून मी मोठ्या, चकचकीत पानांचा शोभेचा अळू, म्हणजे ॲलोकेशिया, विकत आणला आणि कौतुकाने दादांच्या झाडांशेजारी ठेवला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सर्वांना उसंत मिळाली, तेव्हा त्या चकचकीत पानांवर बारीक पिवळट ठिपक्यांची रांगोळी उमटलेली दिसली. क्रोटनची पाने गळू लागली होती. मला वाटले, धूळ बसली असावी, पाणी कमी पडले असावे. निवृत्तिवेतनाच्या कामासाठी आलेले एक ज्येष्ठ ग्राहक जवळच बसले होते. कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या या काकांनी अळूचे पान हलकेच उलटे केले, त्याखाली कोरा कागद धरला आणि पानावर टिचकी मारली. कागदावर पडलेले मिरपुडीसारखे कण क्षणभराने चालू लागले!

“मॅडम, ही धूळ नव्हे, हा कोळी आहे,” काका म्हणाले.

कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद

शेतकरी ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतात, त्याच कुळातील हा उपद्रवी जीव. घरातील झाडांवर बहुधा आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिसी. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पूर्ण वाढ झालेल्या कोळ्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नसून कोळी-विंचवांच्या वर्गातला आहे. पानाच्या मागील बाजूस राहून तो सुईसारख्या मुखांगांनी पेशी भेदतो व त्यांतील हरितद्रव्यासह सारा रस शोषून घेतो. रिकामी झालेली प्रत्येक पेशी म्हणजे पानावरचा एक फिकट ठिपका. संख्या वाढली की पानाच्या देठाशी व शिरांच्या बेचक्यात तलम जाळी दिसू लागते. जाळी दिसली, याचा अर्थ रोग जुना झाला आहे.

मोठ्या पानांच्या झाडांना याचा धोका अधिक का, तर रुंद पानाची मागची बाजूही रुंद असते. तेथे ना पाणी पोहोचते, ना आपली नजर. झाडाची पारख आपण त्याच्या दर्शनी चकाकीवरून करतो आणि शत्रू पाठीमागे सुखाने संसार मांडतो.

चक्रवाढीचा हिशेब

कोरडी, उष्ण हवा कोळ्याला मानवते. कोकणच्या दमट हवेत मला जो कधी जाणवला नाही, तो माळव्याच्या उन्हाळ्यात, त्यातही वातानुकूलनाने अधिकच कोरड्या झालेल्या दालनात फोफावला, यात नवल नाही. सत्तावीस ते तीस अंश तापमानात अंड्यापासून प्रौढ कोळी होण्यास साधारण आठवडाच लागतो. एक मादी आपल्या आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालू शकते. नराशी मीलन न झालेली मादीही अंडी घालते. त्यांतून केवळ नर जन्मतात, पण वंश थांबत नाही.

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने मी सहज आकडेमोड केली. समजा, एका मादीच्या अंड्यांतून केवळ वीस माद्या जगल्या, तर पुढील पिढीत चारशे आणि त्यापुढील पिढीत आठ हजार! चक्रवाढ व्याजाचे सामर्थ्य आम्ही ग्राहकांना ठेवींच्या संदर्भात समजावतो. येथे ते विरुद्ध बाजूने उभे होते.

चुकीचे औषध

काकांचे म्हणणे पुरते ऐकण्याआधीच मी घरातील कीटकनाशक फवारले होते. ही माझी दुसरी चूक. कीटकांसाठीची अनेक औषधे कोळ्यावर परिणाम करीत नाहीत. उलट, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी कोळ्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी मोकाट सुटतो. शिवाय पिढ्या झपाट्याने उलटत असल्याने एकच औषध वारंवार वापरल्यास तो त्याला लवकर दाद देईनासा होतो. पूर्वी सर्रास वापरले जाणारे डायकोफॉल हे कोळीनाशक 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या प्रतिबंधित यादीत गेले आणि 2023 मध्ये भारत सरकारनेही त्यावर बंदी आणली. कोणाच्या माळ्यावर जुनी बाटली असल्यास ती वापरू नये.

उपाय साधे, पण नेमाने

काकांनी सांगितलेला व आम्ही पाळलेला क्रम असा :

1. बाधित झाड तत्काळ इतरांपासून दूर ठेवावे. ते हाताळल्यावर हात धुऊनच दुसऱ्या झाडाला स्पर्श करावा.

2. फार खराब झालेली पाने कापून, पिशवीत बांधून टाकावीत. अळूवर्गीय झाडांच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात व त्यांनी खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत.

3. उरलेल्या पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी व ओल्या मऊ फडक्याने पुसावी. येथे मोठे पान आपल्या सोयीचे ठरते. बारीक पानांचे झाड असे पुसता येत नाही.

4. एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व सौम्य द्रवरूप साबणाचे काही थेंब नीट घुसळून, उन्हे उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे. कपड्यांची पावडर वापरू नये. प्रथम एकाच पानावर फवारून एक-दोन दिवस वाट पाहावी.

5. हीच कृती दर चार-पाच दिवसांनी किमान चार वेळा करावी. साबण व तेल ज्याला लागेल त्यालाच मारतात. चुकलेल्या अंड्यांतून नवी पिढी निघते, तिला अंडी घालण्याची संधी मिळता कामा नये. एकदा फवारून थांबणे म्हणजे कर्जाचा एकच हप्ता भरून निश्चिंत होणे.

बागेतील झाडांवर पाण्यात मिसळणारे गंधकही उपयुक्त ठरते. मात्र तेलाच्या फवारणीनंतर दोन-तीन आठवडे आणि कडक उन्हाळ्यात ते वापरू नये, पाने करपतात.

दादांचा निरोप

मी दादांची क्षमा मागितली. ते रागावले नाहीत, पण त्या दिवशी फारसे बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी शाखा उघडण्यापूर्वी अर्धा तास आम्ही दोघे बादली व फडकी घेऊन बसलो. पुढले तीन आठवडे हाच आमचा नित्यक्रम झाला. एक क्रोटन वाचला नाही. दादांच्या जुन्या अळूची सारी पाने कापावी लागली, उरला तो मातीतला कंद. ओकीबोकी कुंडी पाहून काही ग्राहक विचारीत, “दादा, झाड कुठे गेले?” दादा म्हणत, “रजेवर आहे.”

जूनच्या उत्तरार्धात पावसाची पहिली सर आली आणि त्या कंदातून गुंडाळीसारखे एक पान वर आले. जुलैअखेर निरोपसमारंभात शाल-श्रीफळासोबत ती कुंडीही आम्ही दादांच्या स्वाधीन केली. तोवर तिला तीन पाने आली होती. दादांनी कुंडी हाती घेतली, आणि आभाराचा शब्द उच्चारण्याआधी एकेक पान उलटे करून पाहिले.

खाते अनुत्पादक ठरण्यासाठी नव्वद दिवसांची थकबाकी लागते, पण पहिली लक्षणे त्याच्या कितीतरी आधी दिसतात, हे आम्हांस प्रशिक्षणात शिकवले जाते. नवे खाते ओळख पटविल्याशिवाय उघडत नाही, हा नियम तर मी रोज पाळते. नव्या झाडाच्या बाबतीत मात्र मी तो विसरले. आता रोपवाटिकेतून आणलेले झाड दोन-तीन आठवडे वेगळे ठेवते आणि दर आठवड्याला शाखेतील उरलेल्या झाडांची पाने उलटून पाहते. वाचकहो, आपल्या घरी मोठ्या पानांचे एखादे देखणे झाड असेल, तर आजच त्याची मागची बाजू पाहावी, ही विनंती.