रक्ताचा गाळ काय सांगतो?

पावसाळ्यात मुळेचे किंवा प्रवरेचे गढूळ पाणी कळशीत भरून ठेवा. वाळू लगेच तळाला जाते. बारीक माती मात्र सकाळपर्यंत तरंगत राहते. आता पाण्यात तुरटी फिरवा. मातीचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि भराभर खाली बसतात. रक्ताच्या एका साध्या तपासणीत जवळजवळ हेच पाहतात.

रक्त गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट मिसळतात आणि 200 मिलिमीटरपर्यंत खुणा असलेल्या बारीक काचनळीत भरून नळी अगदी उभी ठेवतात. तांबड्या पेशी रक्तद्रवापेक्षा किंचित जड. त्या हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर द्रव मोकळा होतो. तासाभरात तो किती मिलिमीटर मोकळा झाला, तो आकडा म्हणजे 'ई.एस.आर.'

ही तपासणी कशासाठी? सांधेदुखी म्हटले की तुम्हाला आजी-आजोबा आठवतात. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, भिगवणला, डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 साली सुरू केलेली सांधेदुखीची घरोघर पाहणीही प्रौढांचीच होती. पण संधिवात मुलांनाही होतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, दुसरे कारण न सापडणारी आणि निदान सहा आठवडे टिकलेली सांध्याची सूज, ही त्याची खूण. मूल सकाळी लंगडते, दुपारी खेळते; घरच्यांना वाटते, शाळा चुकवायचे निमित्त! योगायोग पाहा: लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी या रोगाचे वर्णन 1897 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी पोलंडच्या बिएरनात्स्की यांनी रक्तपेशी खाली बसण्याच्या वेगाकडे वैद्यांचे लक्ष वेधले.

तांबड्या पेशींवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात. दाह पेटला की यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन जास्त बनवते. ते इथे तुरटीचे काम करते. पेशींच्या नाण्यांसारख्या चळती होतात. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे गोल कणाची त्रिज्या दुप्पट झाली, तर वेग चौपट होतो. चळत काही गोल नसते, पण मुद्दा तोच.

मात्र एवढ्या आकड्यावर डॉक्टर विसंबत नाहीत. रक्त कमी असले तरी ई.एस.आर. वाढतो, उलट एकच गुडघा सुजला असेल, तर तो वाढतही नाही. म्हणून रोगाचा जोर मोजताना चार गोष्टी धरतात: डॉक्टरांचा अंदाज, मुलाचे किंवा पालकांचे सांगणे, सुजलेल्या-दुखऱ्या सांध्यांची संख्या आणि ई.एस.आर. यातही ई.एस.आर. 20 पर्यंत असेल तर शून्य गुण, 120 किंवा अधिक असेल तर 10.

या रोगाच्या एका प्रकारात रोज ताप चढतो, अंगावर पुरळ उठते, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू वाढतात. समजा, अशा मुलाचा ई.एस.आर. एकाएकी 100 वरून 20 वर आला. बरे वाटले ना? पण थांबा, ताप उतरला का? तो तसाच असेल आणि बिंबाणूही घसरत असतील, तर दाह इतका भडकलेला असू शकतो की फायब्रिनोजेनच खर्ची पडले आहे. तुरटी संपली, म्हणून गाळ बसेना! अशा वेळी डॉक्टर मुलाला घरी सोडत नाहीत, तातडीने उपचार सुरू करतात.