बिऱ्हाड पाठीवर, ताल हातावर

‘लॉस तारांतोस’ हा स्पॅनिश चित्रपट 1963 सालचा. त्यात एक बाई लाकडी टेबलाशी बसलेली दिसते. आधी तिच्या बोटांची पेरं टेबलावर हलकेच वाजतात, मग मुठीची हाडं. ठोका दाट होत जातो, भोवतीची माणसं टाळी धरतात आणि ती उठून नाचू लागते. वाद्य म्हणावं असं तिच्या हाताखाली काही नाही, फक्त फळी आहे. पण त्या फळीवर बारा मात्रांचं आवर्तन असं बसतं की पाहणाऱ्याची मान समेवर आपोआप हलते. हा प्रसंग मी अनेकदा पाहिला. चित्रण झालं तेव्हा ती बाई मूत्रपिंडाच्या दुखण्याने खंगत चालली होती, हे पहिल्यांदा पाहताना मला माहीत नव्हतं.

ती कारमेन अमाया. ज्या सोमोरोस्त्रोच्या झोपडपट्टीत तिचा जन्म झाला, तिथेच या चित्रपटाचं बरंचसं चित्रण झालं. बार्सेलोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूतच उभी राहिलेली ही वस्ती भरतीच्या लाटांना तोंड देत जगायची. कारमेनचं जन्मसाल बहुतेक अभ्यासक 1913 मानतात, काही 1918. वडील होसे अमाया यांना सगळे ‘एल चिनो’ म्हणत. ते रात्री खानावळींतून गिटार वाजवायचे. आई मिकाएला घरातल्या समारंभात नाचायची, चारचौघांत नाही. आत्या हुआना म्हणजे ‘ला फाराओना’, ती मात्र नावाजलेली नर्तकी होती. पोर चालू-बोलू लागल्यावर थोड्याच वर्षांत एल चिनो तिला बरोबर नेऊ लागले. बापाने गिटार छेडायची, मुलीने टेबलांच्या मधल्या जागेत नाचायचं आणि लोकांनी टाकलेली नाणी वेचून घरी यायचं. शाळेचा तिच्या आयुष्यात संबंधच आला नाही.

कारमेन ज्यांच्यातली ते हिताना लोक, म्हणजे स्पेनमधले जिप्सी, म्हणतात की गाणं, गिटार आणि नाच मिळून होणारा फ्लामेंको रक्तात असावा लागतो. परदेशी रसिकांनाही हे वाक्य फार आवडतं. मला ते पटत नाही. फ्लामेंकोच्या घराण्यांच्या कहाण्या वाचताना मला पुन्हा पुन्हा वाटलं, की फ्लामेंको रक्तात नाही, घरात असतो. हे घर चार भिंतींचं नसतं. बाप, आत्या, भाऊ, चुलत बहिणी असं सगळं गणगोत एकत्र हलतं, एकत्र जेवतं, एकत्र कमावतं. ते जिथे थांबेल तिथे घर. आपल्याकडे तमाशाचा फड जसा चुलीसकट हलतो, तसंच काहीसं हे.

कुटुंबाला इतकं घट्ट धरून राहण्यामागे इतिहास आहे. हिताना ज्यांच्यातले, त्या रोमा लोकांचे मूळ पूर्वज उत्तर भारतातून निघाले, याचा भक्कम पुरावा त्यांच्या भाषेत आहे. स्पेनमधल्या त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पञी’, चोराला ‘चोरो’. बोलीचं नाव ‘कालो’, म्हणजे आपला ‘काळा’च. आरागॉनच्या राजाने दिलेल्या 1425 सालच्या परवान्यात त्यांची स्पेनमधली पहिली नोंद सापडते. 30 जुलै 1749 रोजी स्पेनच्या सरकारने एकाच वेळी देशभर धाड घालून हजारो हिताना पकडले. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांमध्ये सक्तमजुरीला धाडलं, बायका-मुलांना वेगळं कोंडलं. बायका आणि पुरुष एकत्र राहिले नाहीत तर ही जमातच संपेल, हा त्यामागचा उघड हिशोब होता. ज्यांचं घर मोडणं हीच राज्याची योजना झाली, त्यांनी पुढे घरालाच सगळं मानलं यात नवल नाही.

मात्र इथे एक भर घालायला हवी. फ्लामेंको हा कथ्थकचाच स्पॅनिश अवतार आहे, असं आपल्याकडे मोठ्या हौसेने सांगितलं जातं. पायांचं काम, चक्कर, तालाची जुगलबंदी ही साम्यं डोळ्यांना दिसतात, पण त्यावरून वंशावळ काढता येत नाही. फ्लामेंकोचं आजचं रूप अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातच घडलं, आणि त्यात हितानांच्या बरोबरीने आंदालुसियाच्या लोकगीतांचा, अरबी-मूरिश वारशाचा आणि अमेरिकेतून परतलेल्या चालींचा वाटा आहे.

आता तालाबद्दल. बारा मात्रा आपल्याला एकतालामुळे ओळखीच्या आहेत. पण सोलेआ आणि बुलेरियासारख्या प्रकारांत त्या बारांची वाटणी विषम असते: तीन, तीन, दोन, दोन, दोन. वजन पडतं बारावर, मग तीन, सहा, आठ आणि दहावर. मोजणीची सुरुवात बाराने होते, हे नव्या शिकणाऱ्याला महिनोन्महिने छळतं. घरात वाढलेल्या पोराला मात्र ही मोजणी कुणी शिकवतच नाही. बारशाला, लग्नाला, स्वयंपाकघरात टाळी चालू असते आणि ते मांडीवर बसून ऐकत असतं. टाळीचेही दोन प्रकार: पोकळ तळव्यांची दबकी, आणि बोटं तळव्यावर आपटून काढलेली कडक. गायक हळुवार गात असेल तर दबकी, पाय पेटले की कडक. कोणती केव्हा, हे पोराला चालायला येतं तसंच येतं.

नर्तकीला गायकाला थांबवायचं असेल, किंवा लय चढवायची असेल, तर ती पायाने एक ठरावीक आघात करते. त्याला ‘यामादा’ म्हणतात, म्हणजे हाक. गिटारवाल्याची नजर सतत तिच्या पायांवर असते. परका वादक असेल तर या हाका आधी बसून ठरवाव्या लागतात. अमाया कुटुंबात वडील आणि भाऊ पाको गिटारवर, बहिणी नाचायला. तिथे खांदा उचलला तरी हाक पोहोचत असणार. रात्रीमागून रात्री, गावामागून गाव कार्यक्रम करणाऱ्या बिऱ्हाडाला तालमीला वेळ कुठला? नातं हीच त्यांची तालीम.

जुलै 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा ही मंडळी वायादोलिदमध्ये होती. ती पोर्तुगालला निसटली, लिस्बनहून जहाजाने निघाली आणि डिसेंबरमध्ये बुएनोस आयरेसच्या मारावियास थिएटरात उभी राहिली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेलं बिऱ्हाड अकरा वर्षं स्पेनला परतलं नाही. दक्षिण अमेरिका, क्यूबा, मेक्सिको आणि 1941 साली न्यूयॉर्क. जानेवारी 1942 मध्ये कारमेन कार्नेगी हॉलमध्ये नाचली, साथीला गिटारवर साबिकास. तोवर स्त्रीचा फ्लामेंको म्हणजे प्रामुख्याने कमरेवरचा, हातांचा आणि मनगटांचा. पायांचं तडाखेबंद काम पुरुषांचं. कारमेनने कंबरपट्ट्यापर्यंत चढवलेली पुरुषी विजार घालून ती वाटणी मोडीत काढली.

या काळातली एक गोष्ट फार सांगितली जाते: न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलच्या खोलीत या कुटुंबाने पलंगाच्या स्प्रिंगवर सार्डिन मासे भाजले म्हणे. गोष्ट खरी असो वा रचलेली, ती सांगण्यामागचा सूर मला खटकतो. लक्षात घेण्याची बाब वेगळीच आहे. कारमेनच्या एकटीच्या नावावर तिकिटं विकली जात होती आणि तिच्या कमाईवर अख्खं गणगोत जगत होतं. हॉटेलातही ते एकत्रच जेवत होतं. नातलगांना मागे ठेवून एकटीने प्रवास केला असता तर ती कितीतरी श्रीमंत झाली असती. तसं करावं असं तिला कधी वाटल्याचं दिसत नाही.

‘घरात असतो’ या माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार आहे तो हिताना नसलेल्या एका घराचा. आल्खेसिरास या बंदराच्या गावात आंतोनियो सांचेस पेसिनो दिवसा कापड विकायचे आणि रात्री गिटार वाजवायचे. मिळकत तुटपुंजी होती. मुलांच्या हातात काही तरी कसब द्यायचं, एवढाच त्यांचा निर्धार. थोरला रामोन गिटार वाजवू लागला, पेपे गायला. धाकट्या पाकोला त्यांनी अकराव्या वर्षाच्या सुमारास शाळेतून काढलं आणि तासन्‌तास गिटारवर बसवलं. 1961 साली पेपे आणि पाको यांच्या जोडीचं ध्वनिमुद्रण निघालं, तेव्हा पाको तेरा-चौदा वर्षांचा होता. त्यानंतर दोनच वर्षांनी होसे ग्रेकोच्या नृत्यसंघाबरोबर दोघे भाऊ अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये भेटलेल्या साबिकासने पाकोला दुसऱ्यांचं वाजवणं सोडून स्वतःचं रचायला सांगितलं. गल्लीत पाको नावाची पोरं पुष्कळ, म्हणून ओळखायला आईचं नाव जोडलेलं: लुसियाचा पाको. पाको दे लुसिया हे जगप्रसिद्ध नाव असं गल्लीतून आलं.

तो होसे ग्रेको तर स्पॅनिशही नव्हता. 1918 साली इटलीतल्या एका खेड्यात जन्मला, ब्रुकलिनमध्ये वाढला. पुढे त्याची मुलंही नाचात आली, लोला ग्रेको स्पेनच्या राष्ट्रीय बॅले संघाची प्रमुख नर्तकी झाली. रक्ताचाच हिशोब असता तर हे घराणं उभं राहिलंच नसतं.

या सगळ्याची किंमत पोरांच्या बालपणातून वसूल झाली, आणि ती झाकून ठेवू नये. कारमेनला अक्षरओळख जेमतेम होती. पाकोची शाळा सुटली ती कायमची. सेवियाचा आंतोनियो मोन्तोया, म्हणजे ‘एल फारुको’, याचा नर्तक मुलगा 1974 साली ऐन तारुण्यात रस्त्यावरच्या अपघातात गेला. फारुकोने पुढे मुलाच्या जागी नातवाला घडवायला घेतलं. 1982 साली जन्मलेला तो नातू, फारुकितो, ‘फ्लामेंको पुरो’ या कार्यक्रमात ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभा राहिला तेव्हा नुकता चार-पाच वर्षांचा होता. त्याचे वडील, गायक एल मोरेनो, 2001 साली बुएनोस आयरेसमध्ये कार्यक्रम चालू असताना रंगमंचावरच कोसळून वारले. विशीही न ओलांडलेल्या मुलावर घरातल्या सगळ्यांची जबाबदारी आली. जिथे कुटुंब हाच संघ असतो, तिथे दुःखालाही सुट्टी मिळत नाही.

आजच्या फिरत्या कुटुंबांचा दिनक्रम जरा वेगळा आहे. रात्री कार्यक्रम आणि सकाळी शिकवणी, अशा दुहेरी कमाईवर ती चालतात. जाईल तिथे लाकडी तक्ता मागावा लागतो, कारण सिमेंटवर नाचलं की गुडघे जातात आणि नादही येत नाही. बुटाच्या टाचेत आणि चवड्यात दाट ठोकलेले बारीक खिळे असतात. ते सैल झाले तर ठोकायला हातोडी लागते. लांब शेपटाचा झगा घडी घालून ठेवायला वेगळी पेटी लागते. आणि शिकायला येणारी मंडळी आता फक्त हिताना नसतात. हेरेसच्या वार्षिक महोत्सवात जपानपासून मेक्सिकोपर्यंतचे विद्यार्थी येतात. माद्रिदची ‘आमोर दे दिओस’ ही नामांकित शिकवणीची जागा आंतोन मार्तीनच्या मंडईच्या वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं गाजली. खाली मासळी आणि भाजी, वर पायांचा गडगडाट.

शिकवण्याच्या बाबतीत मला सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं वाटतं. आल्बुकर्कीमध्ये क्लारिता गार्सिया दे आरांदा नाच शिकवायच्या. त्यांची मुलगी एवा एनसिनियास हिने तो वसा विद्यापीठात नेला, 1982 साली फ्लामेंकोची राष्ट्रीय संस्था काढली आणि 1987 पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवला. आज एवाची मुलं, होआकिन आणि मारिसोल, त्याच कामात आहेत. डिसेंबर 2013 मध्ये त्यांच्या शाळेची इमारत जळाली, वर्षानुवर्षं जमवलेले पोशाख गेले. वर्ग मात्र दुसऱ्या जागेत पुन्हा भरले. जे जळालं ते सामान होतं. तीन पिढ्यांनी एकमेकांच्या कानांत आणि पायांत ठेवलेलं काही जळण्यासारखं नव्हतंच. त्यांच्या वर्गात आडनाव विचारून प्रवेश मिळत नाही. घराचं दार उघडलं की कुणीही त्या घरचं होऊ शकतं, हे या कुटुंबाने करून दाखवलं.

कारमेन अमाया 19 नोव्हेंबर 1963 रोजी बेगुर या गावी वारली. सोमोरोस्त्रोच्या झोपड्या 1966 साली पाडल्या गेल्या. आता तिथल्या पुळणीला तेवढं ते नाव उरलं आहे. तिच्या हयातीतच, 1959 साली, बार्सेलोनाने तिच्या नावाचं एक कारंजं त्या वस्तीजवळ बांधलं. ते अजून उभं आहे. त्यावरच्या दगडी शिल्पात कारमेन नाही. गिटार वाजवणारी आणि नाचणारी लहान मुलं आहेत.